विश्रामनानांची वेटोळी

विश्रामनानांच्या घरी गेल्यावर लगेच बोलायचं नाही. आधी खाटेवर बसायचं, तांब्यातलं पाणी प्यायचं आणि भिंतीकडे पाहत राहायचं. समोर नानाही तसेच भिंतीकडे पाहत असतात. आपण तोंड उघडलं की ते तळहात वर करतात.

"बठ. लेव्हल येवू दे."

नवखा माणूस घाबरतो. आमच्याकडे बदलून आलेले एक तलाठी नानांकडे सातबाऱ्याच्या कामाला गेले होते. नाना ध्यानाला बसलेत असं समजून ते चपला हातात घेऊन परत आले आणि त्या घरात कोणीतरी साधू राहतो असं महिनाभर सांगत होते.

तसं काही नाही. नानांचं म्हणणं सरळ आहे. "तू बजारमाईन भरीसन उना. मी सकायपाईन रिकामा बठेल शे. एकदम जोडात ते ठिणगी उडी." लिथियमच्या दोन बॅटऱ्या शेजारी शेजारी ठेवून एकमेकींना जोडताना जो नियम पाळायचा, तोच नाना माणसांना लावतात. एक भरलेली आणि एक रिकामी बॅटरी थेट जोडली तर भरलेली रिकामीवर धावून जाते. म्हणून आधी दोघींचा दाब, म्हणजे व्होल्टेज, सारखा करायचा, मग तारा लावायच्या. तार लावताना ठिणगी उडाली नाही, की समजायचं जोडणी बरोबर झाली. नानांच्या मते गावातली बहुतेक लग्नं याच एका कारणाने बिघडली आहेत.

मी नानांच्या गल्लीतच राहतो आणि शाळेत मराठी शिकवतो. नाना मला गुरुजी म्हणतात. त्यात आदर किती आणि चेष्टा किती, हे मला पन्नाशी उलटली तरी कळलेलं नाही. मला अपराधी वाटायला फारसं कारण लागत नाही. शेजारी दूध उतू गेलं तरी काल आपण तिथे चहा प्यायलो होतो हे मला आठवतं. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण पुढे जे सांगायचं आहे त्यात माझा थोडा दोष आहे, आणि तो मी वाढवून सांगण्याची शक्यता आहे.

आमचं गाव तापीच्या काठी, सारंगखेड्याच्या पुलापासून जवळच. नानांची केळी आहे, थोडा कापूस आहे. त्यांच्या पत्नी वारल्या. मुलगा सुरतेला कपड्याच्या व्यापारात आहे, तो दिवाळीला येतो आणि वडिलांच्या बॅटऱ्यांना हात न लावता परत जातो. लोक ज्या खोलीत धान्याच्या कोठ्या ठेवतात त्या मधल्या खोलीत नानांनी एका जाड फळीवर चार बॅटऱ्या मांडल्या आहेत. छपरावर सोलरच्या पाट्या. गावात वीज गेली की नानांचा पंखा फिरत राहतो. पण नाना त्या वाऱ्याला बसत नाहीत. ते मधल्या खोलीत बॅटऱ्यांपुढे स्टूल टाकून बसतात, गळ्यात मीटर अडकवून.

नाना गावाशी अहिराणी बोलतात, पण बॅटऱ्यांशी शुद्ध मराठी. "आज आपण जरा कमी भरलेल्या दिसता," असं मी स्वतः ऐकलं आहे. एकदा कारण विचारलं.

"त्या शिकेल शेतस," नाना म्हणाले. "त्यासले आपली बोली समजाव नही."

नानांचं दुसरं वेड म्हणजे फ्यूज. चार बॅटऱ्या, चार फ्यूज, प्रत्येक फ्यूज आपापल्या बॅटरीला खेटून. शिवाय सगळ्यांचा मिळून एक मोठा. शहाद्याचा एक फिटर एकदा म्हणाला होता की मोठा फ्यूज असताना या चारांची काय गरज. नानांनी त्याला चहा दिला आणि शांतपणे विचारलं, "गावना दरवाजाले कुलूप लायं म्हंजे घरमाधला भांडनं थांबतस का?"

मलाही त्यांनी हे समजावून सांगितलं आहे, पुष्कळदा. जोडलेल्या चार बॅटऱ्यांपैकी एकीच्या पोटात काही बिघडलं, तर बाकीच्या तिघी तिच्याकडे बघत बसत नाहीत. आपल्यात आहे नाही ते सगळं त्या एकदम तिच्यात ओततात. ती तापते, फुगते आणि घर पेटवते. "त्यासना मनमा काहीच पाप नही," नाना म्हणत. "भावबंदकीसारख्या शेतस. मदत करतस अन् जीव लेतस." म्हणून प्रत्येकीच्या दारात एक फ्यूज. मदत जाऊ द्यायची, पण बेतानं. जास्त झाली की फ्यूजनं स्वतः वितळून जायचं. "ज्याना त्याना फ्यूज," हे वाक्य नाना बारशापासून दहाव्यापर्यंत कुठेही म्हणतात आणि ते बहुतेक ठिकाणी लागू पडतं.

तिसरं वेड म्हणजे वेटोळी, आणि इथे माझा दोष सुरू होतो.

पूर्वी नानांच्या बॅटऱ्यांच्या केबली आखूड आणि देखण्या होत्या. एका उन्हाळ्यात त्यांनी त्या सगळ्या काढून टाकल्या आणि मला शहाद्याला बरोबर नेलं. बोटाएवढ्या जाडीची तांब्याची केबल त्यांनी इतकी घेतली की दुकानदार म्हणाला, "नाना, बोअरमा सोडनी शे का?" मोटारसायकलवर मागे बसून ते भेंडोळं मी मांडीवर धरून आणलं. नानांनी चारही बॅटऱ्यांना ती लांबलचक केबल जोडली. बॅटरी इथे आणि सगळ्यांना एकत्र जोडणारी तांब्याची पट्टी तिथे, हाताच्या अंतरावर. उरलेली केबल प्रत्येकीच्या शेजारी वेटोळं घालून बसली. खोलीत चार अजगर झोपल्यासारखं दिसायला लागलं.

"नाना, एवढी लांब कशाला?"

"सगळ्यासले सारखी लांबी जोयजे. जो पोर घरजोडे ऱ्हास, त्यावरच समदं काम पडस. तो मंग लवकर थकस. आखूड केबलवाली बॅटरी तशीच मरस."

"पण मग चारही सारख्या आखूड ठेवायच्या ना."

"तू पोरेसले मराठी शिकाड," नाना म्हणाले.

घरी येऊन मी बायकोला म्हणालो, नानांनी साप पाळले. हे मी फक्त बायकोला सांगितलं. आठवड्याच्या आत सगळं गाव त्यांना 'सापवाले नाना' म्हणू लागलं. ते नाव अजून आहे. दरवेळी कोणी ते घेतलं की मी दुसरीकडे बघतो.

आता तात्यांविषयी सांगायला हवं. रोहिदासतात्या हे नानांचे धाकटे भाऊ. दोघांची घरं एकाच घराचे दोन भाग, मधे भिंत. नाना त्यांना नावाने हाक मारत नाहीत. 'खिळा' म्हणतात.

भावांची विहीर एक होती, मोटारही एक. तिच्या पेटीतला फ्यूज सारखा उडायचा. एकदा केळीला पाण्याची पाळी असताना उडाला. फ्यूजची तार नानांच्या कपाटात कुलपात होती आणि नाना सारंगखेड्याच्या जत्रेतला घोडेबाजार बघायला गेले होते. म्हणजे घोडे बघायला नव्हे, दुकानांची वायरिंग बघायला. तात्यांनी थोडा वेळ वाट पाहिली आणि फ्यूजच्या जागी खिळा बसवला. पाणी छान चाललं. फ्यूज उडायचं कामच उरलं नव्हतं, म्हणून शेवटी मोटार उडाली. नाना आले तेव्हा धूर निघत होता. त्यांनी पेटी उघडून खिळा पाहिला. तात्या म्हणाले, तार कुलपात का ठेवली? नाना म्हणाले, खिळा तरी का उघड्यावर ठेवला? त्यानंतर मोटारी दोन झाल्या, मग चुली दोन झाल्या, मग भिंत आली.

निरोपाचं काम माझ्याकडे आलं. ते मी नीट केलं असं म्हणता येणार नाही.

नाना म्हणायचे, "त्या खिळाले सांग, तुन्हा छपरवरला पत्रा रातभर वाजस. माले झोप लागत नही."

मी पलीकडे जाऊन सांगायचो, "नाना काळजीत होते. पत्रा सैल झालाय, तुमची झोपमोड तर होत नाही ना?"

तात्या म्हणायचे, "त्याले सांग, कानमा बी फ्यूज बसाडी ले."

मी परत येऊन सांगायचो, "तात्या म्हणाले, बघतो."

मराठीच्या मास्तरानं शब्द बदलावेत याचं मला वाईट वाटत असे. पण खरे शब्द नेण्याचं धैर्यही झालं नाही.

तात्यांना दम्याचा त्रास होताच, पुढे तो वाढला. डॉक्टरांनी घरी हवेतून ऑक्सिजन काढून देणारं यंत्र लावायला सांगितलं. यंत्राला वीज लागते, आणि आमच्याकडची वीज पाहुण्यासारखी, कधी उठेल सांगता येत नाही. तात्यांनीही इन्व्हर्टर घेतला, चांगला दणकट, छपरावर पाट्या घेतल्या आणि एक बॅटरी. बॅटरी घेण्याआधी त्यांनी मला गल्लीच्या तोंडाशी गाठून विचारलं, "त्यानाकडे कोनती शे रे? नाव लिखी आन. मी इचारं असं सांगू नको." मी नाव, माप सगळं आणून दिलं. तात्यांनी हुबेहूब तीच आणली. नानांनी माझ्याकडे चौकशी केली, कोणती घेतली, कुठे ठेवली म्हणून. मी सांगितलं. मग नाना मला म्हणाले, उद्या शहाद्याले जायनं शे, केबल लेनी शे. मी मांडीवर धरून आणलेलं भेंडोळं ते हेच. दोन गोष्टींचा संबंध असेल असं मला तेव्हा वाटलं नाही.

या मे महिन्यात वादळ आलं. आमच्याकडे ते येतंच, पण या वेळी तापीकाठची केळी झोपली, विजेचे खांब झोपले, आणि तात्यांच्या छपरावरच्या पाट्या पत्र्यासकट वाकल्या; नानांच्या तेवढ्या तगल्या. तात्यांची बॅटरी यंत्राला पुरवता पुरवता पहाटे संपली. त्यांच्या जावयाने मोटारसायकलवर बांधून एक सिलिंडर आणला होता, तो संध्याकाळपर्यंत पुरणार होता. वीज दोन-तीन दिवस येत नाही असं सगळे म्हणत होते. दवाखान्यात न्यायला गाडी तयार होती. तात्या म्हणाले, "बाग आडवी पडेल शे. मी बी आडवा व्हईसन जाऊ का?" त्यांना कोणी हलवू शकलं नाही.

मी नानांकडे गेलो. ते स्टुलावर बसले होते. मी खाटेवर न बसता, पाणी न पिता, उंबऱ्यातूनच बोललो. तळहात वर आला नाही.

"नाना, तुमच्या इन्व्हर्टरवरून एक वायर पलीकडे टाकली तर?"

"मन्हा इन्व्हर्टर पंखापुरता. त्याना यंत्रना भार घेवाव नही." नाना उठले. "भार घेवानी ताकद त्यानाकडे शे. भरेल माल मन्हाकडे शे."

मग त्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर काढलं. मागे प्लास्टिकच्या पाइपचं तोंड होतं, चिंधी कोंबून बंद केलेलं. पाइप भिंतीच्या आरपार होता. पलीकडचं तोंड तात्यांच्या खोलीत कपाटामागे निघालं. तो पाइप कधी बसवला, कोणाच्या नकळत बसवला, मी विचारलं नाही. भिंत बांधायला मीच गवंडी सुचवला होता, त्यामुळे मला विचारायची लाज वाटली.

नानांनी खाटेखालून लाल आणि काळी अशी केबलीची पाचवी जोडी काढली, पट्टीला जोडली, पाचवा फ्यूज पट्टीवरच्या रिकाम्या खाचेत बसवायची तयारी केली आणि केबली पाइपात सरकवल्या. "तिकडून वढ," म्हणाले. मी पलीकडे जाऊन ओढल्या. मागोमाग नाना स्वतः आले, दारातून. भिंत झाल्यापासून त्या दारातून ते पहिल्यांदाच येत होते. कमलकाकूंनी, म्हणजे तात्यांच्या पत्नीनं, पदर सावरला आणि त्यांना बसायला काय द्यावं हे न सुचून पाट दिला.

तात्या खाटेवर उशांना टेकून बसले होते, नाकात नळी. नानांनी त्यांच्याकडे न बघता बॅटरीला मीटर लावलं.

"आपली बॅटरी पूर्णपणे उतरलेली आहे," नाना म्हणाले. "हिला थेट जोडता येणार नाही."

हे शुद्ध मराठीत होतं. ते बॅटरीशी बोलले की तात्यांशी, हे मला कळेना.

"मन्हासंगे तहसीलदारसारखा बोलू नको," तात्या म्हणाले.

नानांनी खिशातून ट्रॅक्टरच्या दिव्यातला एक जुना बल्ब काढला. पाचव्या केबलीचं टोक आणि तात्यांची बॅटरी यांच्या मधे त्यांनी तो बल्ब जोडला आणि मला फ्यूज बसवायला पिटाळलं. भरलेल्या चारींचा लोंढा एकदम रिकामीवर येऊ नये, बल्बातून गाळून यावा, यासाठी ही युक्ती. दाबात फरक आहे तोवर बल्ब जळतो. फरक सरत येतो तसा बल्ब विझत जातो.

"जवलोंग बल्ब जळस, तवलोंग उठनं नही," नानांनी नियम सांगितला. कोणासाठी, ते सांगितलं नाही. पण तात्यांना उठता येत नव्हतं आणि नानांना नियमामुळे उठता येत नव्हतं, म्हणून दोघंही बसले. मधे बल्ब.

उन्हामुळे बल्ब जळतो की नाही ते दिसेना. नानांनी वाकून दोन्ही हातांची ओंजळ त्यावर धरली. बिडीच्या टोकाएवढी लाली दिसली. थोड्या वेळाने तात्याही खाटेवरून वाकले आणि पलीकडच्या बाजूने त्यांनी आपले हात लावले. दोन म्हाताऱ्यांची डोकी एका बल्बावर आली. मला राहवेना.

"नाना, तात्या," मी म्हणालो, "एक सांगायचं होतं. तुमचे निरोप मी कधीच बरोबर पोचवले नाहीत. पदरचं घालून सांगत होतो."

"माहीत शे," तात्या म्हणाले.

"नाना कालबी माले खिळाच म्हने ना?" त्यांनीच पुढे विचारलं.

मी नानांकडे पाहिलं. नाना बल्बाकडेच पाहत होते.

"म्हनतस," मी कबूल केलं. अहिराणीत.

"बल्ब बी पुरा करंट जाऊ देत नही," नाना म्हणाले. "म्हनीसनच मधमा लावतस. नही ते तुन्हासारखा मानूसकडे निरोप कोन दी?"

हे कौतुक होतं की अपमान, मी अजून विचार करतो आहे. त्या वेळी मला एवढंच कळलं की इतकी वर्षं मी तापत का होतो.

दुपार कलली. ओंजळीतली लाली केव्हाच गेली होती, पण नाना मीटरवरचे आकडे जुळेपर्यंत हलले नाहीत. मग म्हणाले, "गुरुजी, जाय. तो फ्यूज काढी घे. मी इकडे बल्ब काढस, नट कसस. मी हाक मारी मंग बसाड."

मी नानांच्या मधल्या खोलीत आलो. पाचवा फ्यूज काढून हातात धरला आणि वाट पाहत उभा राहिलो. समोर चार बॅटऱ्या, चार वेटोळी. पाचवी केबल मात्र सरळ. पट्टीपासून निघून, जमिनीवरून, पाइपातून भिंतीत गेलेली, कुठेही सैल नाही. पलीकडे कपाटामागून ती तात्यांच्या खाटेशी बॅटरीपर्यंत पोचत होती, आणि तिथे वीतभरही उरत नव्हती. ती मी स्वतःच ओढली होती.

सगळ्यांना सारखी लांबी हवी. चारही केबली पाचवीच्या मापानं कापल्या होत्या. जी अजून आलीच नव्हती, तिच्या मापानं. आणि मी गावाला सांगितलं होतं की नानांनी साप पाळलेत.

पाइपातून नट कसण्याचा आवाज येत होता. मग नानांची हाक आली.

"गुरुजी. फ्यूज सापडना का?"

मी अजून केबलच न्याहाळत होतो.

पलीकडून तात्यांचा दमलेला आवाज आला. "नही सापडना ते त्याले सांग, मी खिळा धाडी देस."

पाइपातून एक आवाज आला, कोरड्या विहिरीत पाणी लागावं तसा. नाना हसत होते. तात्याही हसले असावेत, कारण त्यांना खोकला आला, आणि नाना म्हणाले, "बोलू नको, रोहिदास. लेव्हल येवू दे."

मी फ्यूज खाचेत बसवला. ठिणगी उडाली नाही.